पहिला रेडिओ रोबो: आधी तारेवर चालवा, मग तार काढा

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला मी पहिला रोबो बांधायला घेतला आणि सगळ्यात आधी रिमोट विकत घेतला. साठवलेल्या पैशांतले निम्मे त्यातच गेले. उरलेल्यात बसतील त्या मोटरी घेतल्या, बसेल तो ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा बोर्ड), बसेल ती बॅटरी. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री रोबो जागचा हलेना, आणि दोष कुठे आहे ते मला सांगता येईना. मोटर कमी पडते का? बॅटरी उतरली का? ड्रायव्हर गेला, की रिमोटच जुळला नाही? सगळं एकदम जोडलं होतं, त्यामुळे संशयही सगळ्यांवर एकदम. पहाटे सापडलं ते असं: चाकाला मोटरशी जोडणाऱ्या कपलिंगचा छोटा स्क्रू सैल होता आणि मोटरचा दांडा आतल्या आत नुसता फिरत होता.

मामाचं दुचाकीचं गॅरेज आहे. गाडी सुरू होत नसेल तर तो आधी ती ढकलून बघतो, चाकं मोकळी आहेत का. मग प्लग, मग पेट्रोल, एका वेळी एकच गोष्ट. त्यानंतरचे सगळे रोबो मी याच रीतीने बांधले आणि इथे तोच क्रम देते आहे. आधी सांगाडा आणि मोटरी, मग तारेचा साधा रिमोट. रोबो तारेवर नीट पळायला लागला की मगच रेडिओ.

आपण बांधणार आहोत तो रोबो साधा आहे. मागे दोन मोटरी आणि दोन चाकं, पुढे एक कॅस्टर (कुठल्याही दिशेला वळणारं छोटं चाक), साधारण २५ × २० सेंटिमीटरचा पाट आणि एकूण वजन ३ किलोच्या आत. दोन्ही चाकं पुढे फिरली की रोबो पुढे जातो. एक पुढे आणि एक मागे फिरलं की जागच्या जागी वळतो. कोडिंग लागत नाही. आर्डुइनो (प्रोग्रॅम घालायचा छोटा बोर्ड) दुसऱ्या रोबोसाठी ठेवा, कारण पहिल्या वेळी बिघाड प्रोग्रॅममध्ये आहे की तारेत, हा प्रश्न मध्ये नको.

काय काय लागेल

अवजारं: मल्टिमीटर, ६० वॅटचा सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर वायर आणि फ्लक्स, ड्रिल, ॲलन की आणि स्क्रू ड्रायव्हरचा संच, वायर स्ट्रिपर, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर तारेवर आवळणारी नळी).

पहिला टप्पा, तारेवरचा: १२ व्होल्टच्या, धातूच्या गिअरच्या दोन मोटरी, मोटर क्लॅम्प, दोन चाकं, कॅस्टर, प्लायवूड किंवा एसीपी शीट (दोन बाजूंनी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली प्लास्टिकची शीट), दोन डीपीडीटी स्विच (मोटर सरळ-उलटी फिरवणारे, सहा पायांचे), तारा, आणि यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर बॅटरी. ही बॅटरी कुणाकडून दोन दिवस मागून आणली तरी चालते.

दुसरा टप्पा, रेडिओचा: रिमोट आणि रिसीव्हर (रोबोवर बसून रिमोटचा इशारा घेणारा), रेडिओ रिसीव्हरचा सिग्नल थेट घेणारा दोन मोटरींचा ड्रायव्हर, ३ सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, बॅलन्स चार्जर (सगळे सेल सारखे भरणारा), व्होल्टेज बझर (बॅटरी उतरली की वाजणारा), ५ व्होल्टचा यूबीईसी (बॅटरीचे व्होल्ट ५ वर आणणारा छोटा बोर्ड), गाडीचा ब्लेड फ्यूज आणि होल्डर, मुख्य स्विच, बॅटरीसाठी एक्सटी६० कनेक्टर.

अवजारं सोडून दोन्ही टप्प्यांचा खर्च साधारण १० ते १३ हजारांच्या घरात जातो आणि त्यात रिमोटचा वाटा सगळ्यात मोठा असतो. पहिला टप्पा त्या मानाने फार स्वस्त आहे, आणि चुका करायच्या त्या तिथेच करून घ्यायच्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे यातलं बरंच सामान मिळतं. मोटर आणि चाकं शक्यतो दुकानातूनच घ्या. चाकाचं भोक मोटरच्या दांड्यावर बसतं की नाही, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

१. मोटर निवडा, बाकी सगळं तिच्यामागे येतं

नवखे लोक आधी वेग विचारतात. आधी जोर बघा. त्यासाठी मी एक सोपा हिशेब वापरते: रोबोचं वजन किलोमध्ये गुणिले चाकाची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये. ३ किलोचा रोबो आणि ७ सेंटिमीटर व्यासाचं चाक, म्हणजे ३ × ३.५ = १०.५ किलो-सेंटिमीटर. दोन मोटरींत वाटलं तर प्रत्येकीला सुमारे ५. एवढ्या जोरावर चाक जमिनीवरून घसरायला लागतं, त्याहून जास्त जोर जमीन घेतच नाही. मोटरचा स्टॉल टॉर्क, म्हणजे अडकल्यावरचा जोर, याच्या दुप्पट, म्हणजे १० च्या वर असेल तर रोबो भिंतीला अडला तरी मोटर अडकून जळण्याऐवजी चाक घसरेल. दुकानदार 'टॉर्क' म्हणून आकडा सांगतो तेव्हा तो रेटेड (सतत देता येणारा) आहे की स्टॉल, हे विचारायला विसरू नका. दोन्हींत बराच फरक असतो.

वेगाचा हिशेब त्याहून सोपा. ७ सेंटिमीटरच्या चाकाचा परीघ २२ सेंटिमीटर. ३०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ३०० फेऱ्यांची मोटर मिनिटाला ६६ मीटर नेईल, म्हणजे तासाला ४ किलोमीटर. माणसाच्या चालण्याएवढा हा वेग ऐकायला कमी वाटतो, पण बैठकीच्या खोलीत तो भरपूर होतो. पहिल्या रोबोला २०० किंवा ३०० आरपीएम घ्या. १००० आरपीएमची मोटर तितक्याच किमतीत मिळते म्हणून घेऊ नका, त्याच साइजच्या मोटरमध्ये वेग वाढला की जोर कमी होतो.

बाजारात पिवळ्या प्लास्टिकच्या बीओ मोटरीही दिसतील. अर्धा किलोच्या खेळण्याला त्या ठीक आहेत, ३ किलोच्या भाराखाली त्यांचे गिअर टिकत नाहीत. 'जॉन्सन गिअर मोटर' म्हणून मागा: ६ मिलिमीटरचा दांडा आणि धातूचा गिअरबॉक्स.

घरी आल्यावर एक मोजमाप करा, ते पुढे सतत लागेल. मल्टिमीटर ओहमवर ठेवून मोटरच्या दोन टोकांमधला रोध मोजा. दांडा थोडाथोडा फिरवत तीन-चार वेळा मोजा आणि सगळ्यात कमी आकडा धरा. मीटरच्या दोन काड्या एकमेकींना टेकवल्यावर जो आकडा दिसतो तो त्यातून वजा करा. १२ ला या रोधाने भागलं की मोटर अडकल्यावर किती करंट खेचेल ते कळतं. २ ओहम असेल तर ६ अँपिअर. हा आकडा मोटरवरच मार्करने लिहून ठेवा, ड्रायव्हर आणि फ्यूज निवडताना लागेल.

२. सांगाडा

६ मिलिमीटरचं प्लायवूड उत्तम. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे एसीपी शीटचे तुकडे पडलेले असतात, तेही हलके आणि मजबूत. ॲक्रिलिक दिसायला छान, पण भोक पाडताना आणि आपटल्यावर तडकतं.

दोन्ही मोटरी एका सरळ रेषेत बसल्या पाहिजेत. पेन्सिलने आडवी रेघ मारा, क्लॅम्पची भोकं रेघेवरून मोजून खुणा करा, आणि दोन्ही क्लॅम्प बसवल्यावर चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजा. २ मिलिमीटरचाही फरक असेल तर रोबो कायम एका बाजूला ओढेल. नट नायलॉनच्या कड्याचे वापरा, साधे नट थरथरीने सैल होतात.

कॅस्टरची उंची चाकाशी जुळवा, पाट सपाट राहिला पाहिजे. जड सामान, म्हणजे मुख्यतः बॅटरी, चाकांच्या रेषेजवळ येईल अशी जागा आत्ताच राखून ठेवा. वजन कॅस्टरवर गेलं तर चाकांना पकड मिळत नाही आणि वळताना पुढचा भाग फरपटतो.

आणि तो कपलिंगचा स्क्रू. मोटरच्या दांड्याला सपाट बाजू असेल तर स्क्रू बरोबर तिथे टेकवा. ॲलन की ने घट्ट करा आणि पहिल्या दिवशी दर अर्ध्या तासाने तपासा.

३. तारेवर चालवा

ही पायरी गाळण्याचा मोह सगळ्यांना होतो. रेडिओचा रोबो बांधायचा तर मधे तारेचा कशाला? माझं म्हणणं असं, की रोबो बंद पडण्याची बहुतेक कारणं चाकं, मोटरी, वजन आणि तारा यांत असतात, आणि ती सगळी इथे उघड होतात. कॉलेजांच्या रोबो रेसमध्ये वर्षानुवर्षं मुलं असे तारेचे रोबो पळवत आली आहेत, एका डब्यात दोन स्विच लावून.

डीपीडीटी स्विचला मागे सहा पाय असतात, दोन रांगांत तीन-तीन. मधल्या दोन पायांना मोटरच्या दोन तारा जोडा. वरच्या दोन पायांना बॅटरीची अधिक आणि उणे. मग वरच्या डाव्या पायापासून खालच्या उजव्या पायाला एक तुकडा, आणि वरच्या उजव्यापासून खालच्या डाव्याला दुसरा, अशी फुली मारा. स्विच एका बाजूला दाबला की मोटर सरळ फिरते, दुसऱ्या बाजूला दाबला की उलटी. प्रत्येक मोटरला एक स्विच. विकत घेताना 'मधे बंद आणि सोडला की परत मधे येणारा' असाच मागा. दोनच स्थिती असलेला स्विच घेतला तर मोटर कधी थांबणारच नाही.

बॅटरी जमिनीवर, स्विचचा डबा हातात, आणि डब्यातून रोबोकडे चार तारा, ३-४ मीटर लांब. बॅटरीच्या अधिक टोकाला लागूनच १० अँपिअरचा फ्यूज लावा. यूपीएसची बॅटरी निरुपद्रवी दिसते, पण तिची दोन टोकं एकमेकांना टेकली तर तार लाल होते.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे बारीक तार. टेलिफोनच्या किंवा रिबन केबलच्या तारेने रोबो चालतो, पण मरगळलेला चालतो, आणि माणूस मोटरला दोष देतो. ४ मीटर लांबीची बारीक तार जाऊन-येऊन ८ मीटर होते आणि मोटरपर्यंत पोचायच्या आत एक-दोन व्होल्ट खाऊन टाकते. १ चौरस मिलिमीटरची, अनेक बारीक तारांनी वळलेली लवचिक वायर घ्या.

आता या चाचण्या करा आणि प्रत्येकीचा निकाल वहीत लिहा.

सरळ रेषेत ५ मीटर चालवा. किंचित एका बाजूला जाणं ठीक आहे. दोन मोटरी आरशातल्यासारख्या समोरासमोर बसलेल्या असल्याने एक सरळ फिरते तेव्हा दुसरी उलटी, आणि दोन्हींचा वेग तंतोतंत सारखा नसतो. हे नंतर रिमोटच्या ट्रिमने, म्हणजे स्टिकची मधली जागा किंचित सरकवणाऱ्या बटणांनी, सुधारतं. पाच मीटरला अर्ध्या मीटरपेक्षा जास्त ओढत असेल तर मात्र परत पायरी २ कडे जा.

जागच्या जागी दोन मिनिटं गोल फिरवा, मग मोटरला बोट लावा. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर वजन जास्त आहे किंवा चाक कुठे घासतं आहे.

विटा किंवा डबे ठेवून पूर्ण ३ किलो वजन करा आणि हेच पुन्हा करा. नंतर येणाऱ्या बॅटरीचं आणि ड्रायव्हरचं वजन आत्ताच धरलेलं बरं. घरात उतार असेल, दारातली पार्किंगची चढण असेल, तर तिथेही चढवून बघा.

दोन्ही मोटरींच्या टोकांना, अगदी मोटरजवळ, '१०४' लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. मोटरचे ब्रश ठिणग्या टाकतात, त्यांच्या विद्युत लहरी पुढे रिसीव्हरला त्रास देतात. नंतर सगळं बसल्यावर हात घालणं अवघड जातं, म्हणून ते आत्ताच.

रोबो अर्धा तास कुरकुर न करता चालला की पहिला टप्पा संपला. रेडिओच्या सामानाला आता पैसे काढा.

४. बॅटरी

३ सेलची लिपो, २२०० मिलिअँपिअर-अवर. तिचा नाममात्र दाब ११.१ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर १२.६. सरासरी ३ अँपिअर खेचले आणि ८० टक्केच वापरली तर साधारण ३५ मिनिटं चालते.

लिपोला मी घाबरत नाही, पण तिच्याशी कधीच घाईत वागत नाही. नियम थोडेच आहेत आणि एकही सोडायचा नाही.

चार्जिंग बॅलन्स चार्जरनेच, मोठा कनेक्टर आणि छोटा पांढरा कनेक्टर दोन्ही लावून. करंट २.२ अँपिअरपेक्षा जास्त नको. चार्जरवर बॅटरीचा प्रकार 'लिपो' आणि सेल ३ आहेत याची दर वेळी खात्री करा. फरशीवर ठेवा, गादीवर किंवा टेबलक्लॉथवर कधीच नाही, आणि चार्जिंग संपेपर्यंत त्याच खोलीत थांबा. रात्री लावून झोपू नका.

वापरताना पांढऱ्या कनेक्टरवर व्होल्टेज बझर लावून तो सेलमागे ३.५ व्होल्टवर ठेवा. बझर वाजला की खेळ संपला, मित्राची एक फेरी राहिली असली तरी. ३ व्होल्टच्या खाली गेलेला सेल बहुधा पूर्ववत होत नाही. माझी पहिली लिपो मी रोबोला जोडलेलीच कपाटात ठेवली होती. आठवड्याने काढली तेव्हा ती उशीसारखी फुगली होती. फुगलेली बॅटरी परत चार्ज करायची नाही आणि टोचायची तर मुळीच नाही, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यायची.

चार-पाच दिवसांहून जास्त वापरणार नसाल तर चार्जरच्या 'स्टोरेज' पर्यायाने सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा.

सोल्डरिंगचे एक-दोन शब्द इथेच. एक्सटी६० ची पितळी टोकं उष्णता पिऊन घेतात, २५ वॅटच्या आयर्नने तिथे सोल्डर नुसतं चिकटतं, आत जात नाही. स्लीव्ह आधी तारेत घाला, मग सोल्डर करा. बॅटरीच्या तारा कापायची वेळ आली तर दोन्ही एकदम कधीच कापू नका, कात्रीच शॉर्ट करते.

५. ड्रायव्हर: इथे पैसे वाया जातात

ड्रायव्हर रिसीव्हरकडून बारीक इशारा घेतो आणि मोटरला बॅटरीचा करंट देतो. वहीत लिहिलेला स्टॉलचा आकडा काढा. ड्रायव्हरची प्रत्येक बाजू तेवढा करंट सतत देऊ शकली पाहिजे. ६ अँपिअरच्या मोटरला १० अँपिअरचा ड्रायव्हर, हे मला सुरक्षित वाटतं.

सापळे तीन. पहिला, एल२९८एन नावाचं लाल बोर्ड. सगळीकडे मिळतं, स्वस्त आहे, पण एका मोटरला जास्तीत जास्त २ अँपिअर देतं आणि स्वतःच २ व्होल्ट किंवा त्याहून जास्त गिळतं. आपल्या मोटरींना ते पुरत नाही, शिवाय रेडिओ रिसीव्हर त्याला थेट जोडता येत नाही. दुसरा, रेडिओ कारचे ईएससी, म्हणजे एका मोटरचा वेग सांभाळणारे ड्रायव्हर. त्यांतल्या बऱ्याच मॉडेलमध्ये रिमोटची स्टिक मागे ओढली की आधी ब्रेक लागतो आणि परत ओढल्यावरच मोटर उलटी फिरते. कारला ते योग्य, पण जागच्या जागी वळणाऱ्या रोबोला निरुपयोगी. 'ब्रेक नसलेला, थेट रिव्हर्स' असेल तरच घ्या. तिसरा, मोठे आकडे. तळहाताएवढ्या ईएससीवर ३२० अँपिअर छापलेलं असतं. त्याच्या तारेची जाडी बघा. तेवढा करंट त्या तारेतूनच जाणार नाही.

त्यामुळे 'आरसी इनपुट' (रिसीव्हरचा सिग्नल थेट घेण्याची सोय) आणि मिक्सिंगची (एका स्टिकने दोन्ही मोटरी चालवण्याची) सोय असलेला, दोन मोटरींचा १० अँपिअरचा एकच बोर्ड घ्या. किंमत जास्त पडते, पण दोन ईएससीचा सगळा गोंधळ वाचतो.

६. रिमोट

फ्लायस्काय एफएस-आय६ किंवा त्यासारखा सहा चॅनलचा, म्हणजे सहा वेगवेगळे इशारे पाठवणारा सेट पुरे. आपल्याला दोनच चॅनल लागतात, बाकीचे पुढच्या रोबोच्या हाताला किंवा पंज्याला. हा रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. भारतात हा पट्टा ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत परवान्याशिवाय वापरता येतो, आणि रिमोट-रिसीव्हरची जोडी एकमेकांना ओळखत असल्यामुळे शेजारी दहा रोबो चालले तरी गोंधळ होत नाही. जुन्या बाजारात २७ मेगाहर्ट्झच्या खेळण्यांचे रिमोट शे-दोनशेत मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. दोन सारखी खेळणी जवळ आली की एकाच्या रिमोटवर दुसरं पळतं.

जोडी जमवण्याला बाइंड म्हणतात. रिसीव्हरच्या 'बी/व्हीसीसी' लिहिलेल्या खोबणीत बाइंडचा छोटा प्लग लावा, दुसऱ्या कुठल्याही चॅनलवरून ५ व्होल्ट द्या, दिवा भराभर लुकलुकेल. रिमोटचं 'बाइंड' बटण दाबून धरून रिमोट चालू करा. लुकलुकण्याची गती बदलली की जमलं. वीज काढा, प्लग काढा, परत वीज लावून तपासा. रिमोट चालू होताना वरचे सगळे स्विच वर आणि डावी स्टिक खाली नसेल तर तो ओरडतो, तो बिघाड नाही.

आपण उजवी स्टिक वापरायची, कारण सोडली की ती दोन्ही दिशांनी मधे परत येते. नेहमीच्या 'मोड २' मांडणीत डावी स्टिक वर-खाली जिथे सोडाल तिथेच राहते, कारण ती विमानाच्या थ्रॉटलसाठी, म्हणजे इंजिनाच्या वेगासाठी आहे. रोबोला ती जोडली तर हात काढल्यावरही रोबो पळत राहील. उजवीची आडवी हालचाल म्हणजे चॅनल १ आणि उभी म्हणजे चॅनल २.

७. जोडणी

बॅटरी, मग लगेच फ्यूज, मग मुख्य स्विच, मग ड्रायव्हर, मग मोटरी. हाच क्रम. फ्यूज १० अँपिअरचा लाल ब्लेड फ्यूज. गाडीच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळतो. मुख्य स्विच वरून सहज हाताला येईल असा बसवा. चालत्या रोबोखाली हात घालावा लागता कामा नये. बॅटरीपासून ड्रायव्हरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची तार वापरा.

रिसीव्हरला ५ व्होल्ट यूबीईसीकडून द्या. बॅटरीचे १२ व्होल्ट रिसीव्हरला थेट लावलेत तर तो जळू शकतो. ड्रायव्हरच्या सिग्नल तारेतूनही ५ व्होल्ट येत असतील तर एकाच बाजूची लाल तार ठेवा. दुसरीची पिन कनेक्टरमधून काढून तिच्यावर टेप लावा. काळी तार मात्र दोन्हींची जोडलेलीच हवी. ग्राउंड, म्हणजे उणे बाजू, सामायिक नसेल तर ड्रायव्हरला इशारा समजतच नाही.

रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात, सांगाड्याच्या वर उभ्या करा. शीतपेयाच्या स्ट्रॉचे तुकडे यासाठी छान चालतात. टोकाचा सुमारे ३ सेंटिमीटर भागच खरं काम करतो. तो कापू नका, दुमडू नका, बॅटरीखाली दाबू नका.

बॅटरी लावण्याआधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो त्या खुणेवर) ठेवून ड्रायव्हरच्या बॅटरीकडच्या अधिक आणि उणे टोकांवर लावा. सुरुवातीला क्षणभर वाजून थांबला तर चालेल, सतत वाजत राहिला तर शॉर्ट आहे. अधिक-उणे उलटे झाले तर बहुतेक ड्रायव्हर वाचत नाहीत, म्हणून रंग दोनदा बघा.

८. मिक्सिंग एकाच ठिकाणी

एका स्टिकने दोन मोटरी चालवायच्या तर कुणीतरी बेरीज-वजाबाकी करावी लागते: डावी मोटर = पुढे + वळण, उजवी मोटर = पुढे − वळण. हे ड्रायव्हर करू शकतो किंवा रिमोट. एफएस-आय६ मध्ये ते 'एलेव्हॉन' नावाच्या पर्यायात असतं. दोन्हींपैकी एकच चालू ठेवा. दोन्ही चालू राहिले तर दोन्ही बेरजा एकमेकींना रद्द करतात: स्टिक पुढे ढकलली की एकच चाक फिरतं, आणि आडवी ढकलली की दुसरंच. मी यात एक अख्खा रविवार तारा बदलत घालवला होता. हे लक्षण दिसलं तर तारांना हात लावू नका, रिमोटमधलं मिक्सिंग बंद करा.

पुढे ढकलल्यावर रोबो वळत असेल तर एका मोटरच्या दोन तारा ड्रायव्हरवर उलट करा. दोन्ही चाकं मागे जात असतील, किंवा डावी-उजवी उलटी असेल, तर रिमोटच्या 'रिव्हर्स' मधून तो चॅनल उलटवा. स्टिक सोडूनही चाक हळूहळू फिरत असेल तर ट्रिमची बटणं दाबून ते थांबवा.

९. फेलसेफ, जमिनीवर ठेवायच्या आधी

रिमोटचे सेल संपले किंवा रोबो रिमोटच्या टप्प्याबाहेर गेला तर रोबोने काय करायचं, हे फेलसेफमध्ये ठरतं. रिसीव्हर साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक इशारा पाठवतो. त्याची लांबी १.५ मिलिसेकंद असली की 'थांब', २ कडे गेली की पूर्ण पुढे, १ कडे गेली की पूर्ण मागे. फेलसेफमध्ये दोन्ही चॅनल मधल्या आकड्यावर, म्हणजे 'थांब'वर ठरवून द्या.

मग तपासा. रोबोखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, चाकं अधांतरी. स्टिक पूर्ण पुढे धरा, चाकं जोरात फिरू द्या, आणि स्टिक तशीच धरून रिमोट बंद करा. चाकं एका सेकंदात थांबली पाहिजेत. थांबली नाहीत तर रोबो जमिनीवर ठेवायचा नाही, कितीही घाई असली तरी. एका प्रदर्शनात माझ्या रिमोटचे सेल मधेच संपले आणि रोबो टेबलाच्या कडेवरून खाली गेला. खाली पहिल्या रांगेत लहान मुलं बसली होती. कुणाला लागलं नाही. त्या दिवसानंतर ही चाचणी केल्याशिवाय मी एकही रोबो खाली ठेवलेला नाही, आणि स्पर्धेच्या दिवशी ती परत करते.

क्रमही सवयीचा करा: चालू करताना आधी रिमोट, मग रोबो. बंद करताना आधी रोबो, मग रिमोट.

१०. पहिली फेरी आणि काही बिघाड

मोकळी, सपाट जागा निवडा: गच्ची नको, कठड्याला पाणी जायची भोकं असतात आणि जिन्याचं दार उघडं राहतं. शाळेचं पटांगण किंवा सोसायटीचं रिकामं पार्किंग बरं. पहिली पाच मिनिटं रोबोच्या मागे चालत चालवा. तोंड तुमच्याकडे असलं की डावी-उजवी उलटी वाटते, ते हाताला बसायला दोन-तीन दिवस जातात.

जोरात निघताना रिसीव्हरचा दिवा क्षणभर विझत असेल तर व्होल्टेज खाली येतं आहे: बॅटरी उतरली आहे किंवा कुठला तरी सांधा कच्चा आहे. मोटर फिरली की रोबो झटके देत असेल तर '१०४' चे कपॅसिटर सुटलेत का आणि अँटेना मोटरच्या तारांजवळ आली का बघा. एकच बाजू बंद असेल तर ड्रायव्हरवर दोन मोटरींच्या जागा बदला. बिघाड मोटरबरोबर सरकला तर मोटर किंवा तिची तार, जागेवरच राहिला तर ड्रायव्हर किंवा सिग्नल. फ्यूज परत परत उडत असेल तर मोठा फ्यूज लावू नका, अडकलेलं चाक शोधा.

यातून काहीच उलगडलं नाही तर मोटरींच्या तारा ड्रायव्हरवरून काढा आणि पायरी ३ मधला स्विचचा डबा जोडा. रोबो तारेवर चालला तर दोष ड्रायव्हर-रेडिओच्या बाजूचा, नाही चालला तर चाकं-मोटरींचा. मी दोन्ही मोटरींच्या तारांना त्यासाठी कनेक्टरच लावून ठेवते, म्हणजे डबा अर्ध्या मिनिटात जोडता येतो. तो डबा अजून माझ्या सामानाच्या पेटीत सगळ्यात वर असतो.